कंटेनरची वास्तुशांत

कंटेनर म्हणजे घर का हो? तुम्हीच सांगा! पालघरला आमच्या वाडीत चिकूचे क्रेट ठेवायला मी एक जुना लोखंडी कंटेनर आणला, बोईसरच्या भंगारवाल्याकडून. लगेच नगरपरिषदेचे साहेब हजर.

"हे विनापरवाना बांधकाम आहे. हटवा."

माझं डोकंच फिरलं. "बांधकाम? एक वीट तरी दाखवा, साहेब! पाया नाय, भिंत नाय. ही पेटी हाय, पेटी! मोठी हाय, एवढंच."

साहेबांनी वाकून खाली बघितलं. पाया खरंच नव्हता. "बरं, तसं लिहितो," म्हणाले आणि पेन काढलं. मी जिंकलोच होतो!

तेवढ्यात बायको वाटीत शिरा घेऊन आली. "घ्या साहेब, परसाद. सकाळीच वास्तुशांत केली."

"कशाची?"

"ह्याचीच की! नवीन जागा तशीच कशी वापरायची?"

साहेबांनी कंटेनरच्या दारावरच्या तोरणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चिकूच्या झाडाकडे बघत राहिलो.

बायकोच्या आता लक्षात आलं. "आमी नवी गाडी आनली तरी पूजा करतो, साहेब. गाडीला काय घर म्हनता?"

साहेबांनी शिरा संपवला, पेन खिशात ठेवलं. "नाही म्हणत, वहिनी. गाडी आहे ना? मग चालवत न्या."

शेवटी क्रेन बोलवावी लागली. कंटेनर उचलायच्या आधी बायकोनं त्याच्यासमोर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं.

क्रेनवाला मला हळूच विचारतो, "शेठ, घर शिफ्ट कर रहे हो क्या?"