लाल शाईतलं ‘पाहिले’

एक जीव, दोन हाका, कोणा देऊ ओ?
लपलेल्यां शोधणाऱ्या, तूच दिवा हो!

थांबा, सामुएलराव, पेटी जरा थांबवा. मंडळी, प्रभूला वंदन झालं, आता तुम्हाला एक विचारतो. अगदी सरळ विचारतो — भाकरी देणाऱ्यानं हाक मारली आणि त्याच घटकेला देवानंही हाक मारली, तर ‘ओ’ कुणाला द्यायची?

‘देवाला!’ — बघा, किती पटकन बोललात! मंदिरात बसून सगळेच पटकन बोलतात हो! उद्या सकाळी कामावर साहेब समोर उभा असताना विचारतो, मग सांगा! आणि त्यातून आणखी एक — दोघांनाही ‘ओ’ दिली आणि दोघांशीही खोटं बोललं, तर तो माणूस नक्की कुणाचा?

मंडळी, ऐका. निमखेड नावाचं एक लहानसं गाव. गावात चाळीस घरांची आपली ख्रिस्ती मंडळी. पत्र्याचं मंदिर, एक घंटा, सात बाकडी — त्यातलं एक लंगडं. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच यायचे, प्रभुभोजनाला. बाकीच्या रविवारी दहा वाजता उपासना कोण चालवायचं? शांतवन पाटोळे! वय एकतीस, आवाज गोड, स्वभाव भित्रा. नावात शांती, आणि पोटात कायम गोळा! माणूस वाईट नव्हता हो. पण कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की जीभ टाळ्याला चिकटायची.

डी.एड. होऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं अर्ज, सहा वर्षं मुलाखती. शेवटी तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत नोकरी लागली! बायको सलोमी, तिनं त्या दिवशी अख्ख्या आळीत शेवया वाटल्या. पण अट होती. सहा महिन्यांनी मुख्याध्यापिकेचा अहवाल संस्थेकडे जाणार. शेरा चांगला — नोकरी पक्की. शेरा वाईट — झोळी उचला आणि घरी जा!

आणि मुख्याध्यापिका कोण? कवडे मॅडम! बाई उंच, चष्मा जाड, हातात लाल पेन. त्या वऱ्हांड्यातून चालल्या की मुलं गप्प. मुलं कसली, मास्तर गप्प! मुलाखतीत त्यांनी विचारलं, “पाटोळे, रविवारी दुसरीकडे कुठली जबाबदारी? आम्हाला कधीकधी रविवारी माणूस लागतो.”

आता सांगायचं ना! ‘मॅडम, मी उपासना चालवतो.’ चार शब्द! पण सहा वर्षांनी उघडलेलं दार पुन्हा लागेल, या भीतीनं हा म्हणाला, “नाही मॅडम. रविवारी मी मोकळाच असतो.”

आणि त्याच संध्याकाळी मंदिरात आमच्या मार्थामावशी — मंडळीच्या पंच, सत्तरीची बाई, मोजून-मापून बोलणारी — त्यांनी विचारलं, “शांतवन, नोकरी लागली. आता आमच्या रविवारचं काय रे?”

हा म्हणाला, “मावशी, रविवार मोकळाच आहे!”

ऐकलंत? एकच रविवार, दोन ठिकाणी देऊन मोकळा! हसताय काय? हसा, हसा. तुमची पाळी यायची आहे.

चार महिने निभावलं. मग दिवाळीनंतर सूचनाफलकावर कागद लागला — ‘शिष्यवृत्तीचे जादा तास. दर रविवारी नऊ ते अकरा. श्री. पाटोळे सर.’ शांतवननं तो कागद दोनदा वाचला. आता जाऊन सांगायचं? चार महिन्यांपूर्वीच का नाही सांगितलं, असं विचारतील. अहवालाला दोन महिने उरलेत! नको रे बाबा, नको!

पहिल्या रविवारी ताप आला. म्हणजे आला नाही — आणला! फोनवर खोकून दाखवलं. दुसऱ्या रविवारी काय करायचं? शुक्रवारभर डोकं खाजवलं, आणि शेवटी यानं आत्या मारली.

आत्या हो! वडिलांची बहीण! गंमत अशी, की याच्या वडिलांना बहीणच नव्हती. पाच भाऊ! म्हणजे जी जन्मालाच आली नाही, ती बिचारी निमखेडला वारली!

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला सुटताना हा मॅडमच्या खोलीत गेला. “मॅडम, उद्या... आत्या वारली. माती आहे.”

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “अरेरे. जा. तास मी घेते. टाचण ठेवलंत?”

आता हे टाचण म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण सगळं आख्यान त्यावर फिरतंय. मास्तर लोक आठवड्याच्या पाठांची तयारी वहीत लिहितात — कुठली इयत्ता, कुठला घटक, काय शिकवणार. ती टाचणवही. दर शनिवारी मुख्याध्यापकांकडे द्यायची. त्यांनी प्रत्येक पानावर लाल शाईत ‘पाहिले’ लिहून सही करायची आणि सोमवारी परत द्यायची. आणि आम्ही उपदेश करणारे? आम्हीही टाचणच काढतो! शांतवनच्याही दोन वह्या होत्या — एक शाळेच्या टाचणाची, एक उपदेशाच्या टाचणाची. दोन्ही दोनशे पानी, दोन्हीला सलोमीनं घातलेलं खाकी कव्हर, दोन्हीवर तिच्याच हातानं लिहिलेलं — ‘टाचण. शां. पाटोळे.’

आलं ना लक्षात? मागच्या भिंतीला टेकलेल्या काकांच्याही लक्षात आलं! शांतवनच्या मात्र आलं नाही. त्यानं पिशवीतून वही काढली, टेबलावरच्या ढिगावर ठेवली आणि गाडीला किक मारली.

रविवार. दहा वाजले. घंटा झाली. मंदिर भरलं. भजन झालं, प्रार्थना झाली. शांतवन उपदेशाला उभा राहिला, वही उघडली, आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली —

“इयत्ता सातवी. घटक — पचनसंस्था. प्रत्येक घास नीट चावून...”

बाकड्यांवर पोरं फिसकन हसली. शांतवन हसला नाही. मंडळी, त्या माणसाच्या कानात एकदम वारं भरल्यासारखं झालं. ही वही इथे, म्हणजे ती वही तिथे! मॅडमच्या टेबलावर! लाल पेनाखाली!

आणि काय होतं हो त्या वहीत? उपदेशाची टाचणं होती, ती सोडा. मधल्या पानांवर त्याच्या खाजगी प्रार्थना होत्या. जे बायकोलाही सांगायचा नाही, ते देवाला लिहायचा. पान पंचेचाळीस — ‘प्रभो, मी म्हणालो रविवारी मोकळा आहे. मोकळा नाही. मला कवडे मॅडमची भीती वाटते.’ पान सत्तेचाळीस — ‘मॅडमच्या गुडघ्याला आराम दे. जिना चढताना मधेच थांबतात आणि कुणाला कळू नये म्हणून भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखं करतात.’ आणि पान अठ्ठेचाळीस, शुक्रवारचं — ‘उद्या मॅडमना सांगणार आहे, आत्या वारली. मला आत्या नाही. क्षमा कर.’

बघा बरं! पाप शनिवारी, क्षमा शुक्रवारी मागून ठेवली! आगाऊ! गाडीचं आरक्षण करावं तसं!

उपदेश झालाच नाही. कशीबशी शेवटची प्रार्थना म्हटली. दाराशी मार्थामावशींनी हात धरला. “शांतवन, काय झालं रे?”

“काही नाही मावशी.”

“तुझा हात थंडगार लागतोय.”

“काही नाही म्हटलं ना!” आणि हा गाडी काढून निघाला.

दुपारी सलोमीनं रस्सा केला होता. घास गिळेना. गाडी काढून तालुक्याला जावं, शिपायाला विनवावं, खोली उघडून वही बदलून आणावी — असंही मनात आलं! फाटकापर्यंत गेला आणि परतला. मग स्वतःची समजूत घालायला लागला. दोनशे पानं कोण वाचतं? मुख्याध्यापक नुसते सह्या करतात. पान उलटायचं, ‘पाहिले’, सही. पान उलटायचं, ‘पाहिले’, सही. नसेलच वाचलं! हो, नसेलच! आणि दुसऱ्या क्षणाला वाटायचं — पण त्या कवडे मॅडम आहेत.

सलोमीनं विचारलं, “काय लपवताय?” तो तिच्याकडे बघूही शकला नाही. मंडळी, भीतीचं असं असतं. आधी ती साहेबाची असते. मग ती घरात येते, ताटावर बसते, बायकोच्या डोळ्यांत बसते. ज्याला लपवायचं असतं, त्याला सगळीकडे डोळेच दिसतात.

सामुएलराव, एकदा म्हणा...

एक जीव, दोन हाका, कोणा देऊ ओ?
लपलेल्यां शोधणाऱ्या, तूच दिवा हो!

सोमवार. शांतवन शाळेत पोचला तर शिपाई फाटकातच — “पाटोळे सर, मॅडमनी बोलावलंय. आल्या आल्या.”

जिन्याच्या मधोमध तो थांबला आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. हो! तोच तक्ता! राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. वर प्रार्थनेची घंटा झाली. सहा वर्षांचे अर्ज आठवले, आळीत वाटलेल्या शेवया आठवल्या.

खोलीत मॅडम काहीतरी लिहीत होत्या. समोर खाकी वही. मिटलेली. त्यांनी वर न बघता विचारलं, “बसा. आत्याची माती व्यवस्थित झाली?”

मंडळी, आता श्वास धरा! काय अर्थ या प्रश्नाचा? वाचलंय म्हणून विचारतात, की वाचलेलं नाही म्हणून? आवाज साधा. चेहरा साधा. वाचलं नसेल, तर एक शब्द पुरे — ‘झाली.’ संपलं! वही उचलायची, घाम पुसायचा, वर्गावर जायचं. नोकरी शाबूत! आणि वाचलं असेल, तर ‘झाली’ म्हटल्याबरोबर हा माणूस मेला!

तुम्ही काय म्हणाला असता? नको, मला नका सांगू.

‘झाली’ हा शब्द शांतवनच्या जिभेच्या टोकापर्यंत आला होता. खरं सांगतो, आला होता! त्या अंगणातल्या शेकोटीपाशी प्रभूचा शिष्य तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. हाही मॅडमच्या तोंडावर एकदा खोटं म्हणाला होता मुलाखतीत, दुसऱ्यांदा म्हणाला शनिवारी. आता तिसरी वेळ होती. त्यानं वहीवरचं बायकोचं अक्षर पाहिलं — ‘टाचण. शां. पाटोळे.’ वाटलं, दोन वह्यांवर नाव एकच आहे की! माणूसही एकच आहे!

“मॅडम,” तो म्हणाला, “मला आत्या नाही.”

पेन थांबलं.

“ताप पण नव्हता. दर रविवारी दहाला आमच्या गावी मी उपासना चालवतो. मुलाखतीतच सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. आत्ताही भितोय.”

मॅडमनी वही पुढे सरकवली. “उघडा.”

शांतवननं पान उलटलं. पहिल्या पानावर लाल शाईत — ‘पाहिले.’ दुसऱ्यावर — ‘पाहिले.’ पंचेचाळीसवर — ‘पाहिले.’ सगळं पाहिलेलं! सत्तेचाळीसवर गुडघ्याची प्रार्थना. तिथे ‘गुडघ्याला’ या शब्दाखाली लाल रेघ आणि समासात लिहिलेलं — ‘डावा. उजवा ठीक आहे.’ आणि अठ्ठेचाळीसवर, आत्याच्या शेजारी, वर्गातल्या पोरांच्या वहीवर लिहितात तसं — ‘दुरुस्ती करावी.’

शांतवन रडला हो. एकतीस वर्षांचा मास्तर, खुर्चीत बसून रडला.

मॅडम मात्र मॅडमच! म्हणाल्या, “डोळे पुसा. ‘झाली’ म्हणाला असतात, तर आजच अहवाल लिहून पाठवणार होते. कागद हा काय, पुढ्यातच आहे. तास शनिवारी शाळा सुटल्यावर घ्या, साडेअकरा ते दीड. एकही चुकलेला चालणार नाही. आणि पाटोळे, पुन्हा खोटं सापडलं तर शेरा वाईटच जाईल. मी विसरत नाही.”

“हो मॅडम.”

“हे तुम्ही मुलाखतीत सांगितलं असतंत, तर मी तेव्हाच तास शनिवारी लावले असते. विचारलं होतं ना मी?”

पुढच्या रविवारी शांतवन मंदिरात उभा राहिला. वही मिटलेलीच ठेवली आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. आत्यासकट! सलोमी पहिल्या बाकड्यावर होती, तिनं तोंडाला पदर लावला. मार्थामावशी उठल्या. “मेल्या, आम्ही उपासना दुपारी ठेवली असती! देव काय दुपारी झोपतो? तू विचारलंच नाहीस की रे!”

बघा मंडळी! दोन्हीकडे दार उघडं होतं. हा दोन आठवडे भिंतीवर डोकं आपटत होता!

अहवाल गेला का? गेला. शेरा काय होता? तो शाळेचा कागद आहे, मी बघितला नाही. शांतवन आजही त्याच शाळेत शिकवतो, आणि आजही मॅडमना भितो. भीती गेली असं मी सांगणार नाही, मी खोटं कशाला बोलू? भीती राहिली, लपवालपवी गेली.

आता तुमच्याकडे वळतो. काका, नीट बसा! शांतवनला हसलात ना मघाशी? मग आता सांगा, तुमची कुठली वही कुठल्या पिशवीत आहे? साहेबाला एक सांगता, मंडळीला एक, घरी तिसरंच. कितीजणांनी आत्या मारलीय या मंदिरात? हात वर करू नका, मंदिर पुरायचं नाही!

तुम्हाला वाटतं, दोनशे पानं कोण वाचतंय! अहो, आपली वही कधीच वर पोचलीय. पान न् पान उलटून झालंय आणि प्रत्येक पानावर ‘पाहिले’ लिहून झालंय. मला तर त्या शब्दाची भीती वाटते, तुम्हाला वाटत नसेल तर सांगा. पण त्याच शाईत, त्याच हातानं, शेवटच्या पानावर ‘नापास’ नाही लिहिलेलं. ‘दुरुस्ती करावी’ लिहिलंय. उद्या सोमवार आहे. जो तो आपापल्या कामावर जाईल, तिथे कुणीतरी साधाच प्रश्न विचारील. तेव्हा आधी आपलं पान आठवा आणि मग तोंड उघडा.

उभे राहा सगळे. डोळे मिटा. काका, तुम्हीसुद्धा. सामुएलराव, सूर धरा.

एक जीव, दोन हाका, कोणा देऊ ओ?
लपलेल्यां शोधणाऱ्या, तूच दिवा हो!