योद्धा हवाच कशाला?

...नाही, पण मला एक सांगा, मार खाणं हे काय काम नाही का हो? आं? तुम्हीच सांगा! दर रविवारी सकाळी दहा वाजता कानाला हेडफोन लावून, तीनमजली ड्रॅगनच्या पुढ्यात ढाल घेऊन उभा कोण राहतो? मी! 'ये बाबा, त्यांना सोड, मला मार' असं त्याला ओरडून कोण सांगतो? मी! खेळात आम्ही पाच जण, त्यात मी योद्धा. योद्धा म्हणजे काय, तर सगळ्यांच्या वाटचा मार एकट्याने खायचा, म्हणजे मागचे चौघं सुखाने लढायला मोकळे. आणि लढाई संपली की पडद्यावर पाटी येते, कोणी ड्रॅगनला किती मारलं त्याची... त्यात मी तळाला! अहो, असणारच ना तळाला! कोणी किती खाल्लं त्याची पाटी काढा की एकदा!

बरं, तेही सोसत होतो. सोसायची सवय आहे. दिवसभर मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो, सतरा वर्षं झाली. लाइट गेली की लोक मला येऊन बोलतात, जसं काही मीच घरोघरी जाऊन फुंकर मारून आलोय! पण खिडकीला निदान काच आहे हो. इथे ती ढालच पातळ केली! खेळाची कंपनी दर तीन महिन्यांनी नवे नियम पाठवते आणि खाली लिहिते, 'समतोल साधला आहे.' कुणाचा समतोल? योद्ध्याची ढाल एक तृतीयांश कमी, आणि जादूगाराची आग दीडपट! थंडीने कुडकुडणाऱ्याची गोधडी काढली आणि शेकोटीपाशी बसलेल्याला दिली, याला म्हणे समतोल!

झालं. आमच्या म्होरक्याने लगेच हेडफोनवरच सभा बोलावली. म्होरक्या म्हणजे दातांचा डॉक्टर. खेळात तिरंदाज. लांब खडकाआड उभा राहून बाण सोडतो, अंगाला धूळ लागत नाही. विषय काय सभेचा? तर 'योद्धा हवाच कशाला?' आणि बोलतो कसा, अगदी खुर्चीवरच्या पेशंटशी बोलावं तसा... 'हे बघा, घाबरायचं नाही हं, जरासंच दुखेल... आपण योद्धा काढून टाकू. ढाल पातळ झाल्यापासून हे नुसतं औषध पितात. त्यांच्या जागी माझा कंपाउंडर घेऊ, दुसरा तिरंदाज होईल. ड्रॅगनने मारायच्या आत आपणच त्याला मारायचं. आ करा.' नाही, 'आ करा' म्हणाला नाही, पण म्हणेल असं वाटलं. किडक्या दाढेसारखा उपटायला निघाला मला!

माझा साडू लगेच, 'राव, मनाला लावून घेऊ नका, पण आकडे बघा ना.' हा जादूगार. विमा विकतो. चार महिन्यांपूर्वी याला आग कुठल्या बटणाने लागते ते मी शिकवलं, पहिल्या दिवशी याने स्वतःलाच पेटवून घेतलं होतं, तेव्हा आकडे कुठे होते तुझे? बोट धरून आणला आणि आता माझाच हात पिरगाळतोय! चौथे मास्तर, रिटायर्ड माणूस, खेळात चोर. ते म्हणाले, 'मी योद्ध्याच्या बाजूचा!' म्हटलं, देव भलं करो. तर पुढे म्हणतात, 'वर्गात एक ठरलेला मार खाणारा असला, की बाकीची मुलं निर्धास्त असतात.' आता हा पाठिंबा समजायचा की काय समजायचं? पण मत ते मत. दोन विरुद्ध, मास्तर आणि मी बाजूने. अहो, मार खाणं हे काम नाही का, असं मी विचारलंसुद्धा.

राहिलं एकच मत. वैद्याचं. जखमी झालेल्याला औषध देणारी... आमची बायको!

आता खरं सांगू? हसू नका. मला त्या ड्रॅगनचं काही पडलेलं नाही. पण ती सकाळी सातला बाहेर पडते, मी आठला. संध्याकाळी आमचं बोलणं म्हणजे 'गॅस बंद केला का' आणि 'केला'. रविवारचा तो एकच तास असा, की तिचं सगळं लक्ष माझ्यावर असतं. माझा जीव किती उरला ते दाखवणारी लाल पट्टी जरा खाली आली, की तिचं औषध हजर. कोण बघतं हो असं माणसाकडे लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर? त्यासाठी खातो मी मार! उद्या मला काढलं, तर ती त्यांच्यात आणि मी बाहेर सोफ्यावर...

ती बसते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मी आतल्या खोलीत. तिचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येतं, आधी भिंतीतून, मग हेडफोनमधून. मी श्वास रोखून बसलो. आणि ऐकलं, 'काढा ह्यांना.' मग परत, 'काढा ह्यांना.' एकाच बायकोने दोनदा काढलं हो मला!

मी तसाच उठून गेलो. म्हटलं, 'अगं, तूसुद्धा?' तर म्हणते, 'अहो, दोन वर्षं मी फक्त तुमच्या लाल पट्टीकडे बघतेय. डोळा हलवला की तुम्ही मेलात! मी अजून तो ड्रॅगन पाहिलेला नाही. त्याचा रंग कोणता तेसुद्धा मला माहीत नाही!' मलाही कुठे माहीत होता? मी त्याच्या पायाखाली असतो, मला फक्त नखं ओळखू येतात.

लढाई सुरू झाली. मी आपला हेडफोनसकट तिच्या खुर्चीमागे उभा. कंपाउंडर बाण सोडतोय, साडू आग ओकतोय, डॉक्टर 'छान, छान' म्हणतोय. हिने मान वर केली, म्हणजे खेळातली, आणि... 'अगं बाई! हा मोरपंखी आहे!' हात थांबला तो थांबलाच. 'अहो, पंख बघा! आतून सोनेरी आहेत!' तिकडे कानात डॉक्टर किंचाळतोय, 'औषध! औषध!' त्याच्या दवाखान्यातसुद्धा कोणी इतकं ओरडलं नसेल! साडू गेला, कंपाउंडर गेला, मास्तर 'उपस्थित' म्हणावं तसं 'गेलो' म्हणून गेले. अडतीस सेकंदांत पाचही आडवे, आणि मेलेली आमची बायको पडल्या पडल्या म्हणतेय, 'काय देखणा आहे हो!'

लगेच दुसरी सभा. एकमताने योद्धा परत! डॉक्टर म्हणाला, 'प्रयोग म्हणून ठीक होतं.' मी म्हटलं, बघा! मार खाणं हे काम आहे का नाही? छाती अशी फुगली माझी! पुढच्या रविवारी ढाल उचलली, गेलो पुढ्यात, खाल्ला पहिला तडाखा, पट्टी आली निम्म्यावर. वाट बघतोय. औषध नाही. पट्टी पावावर. म्हटलं, 'अगं, औषध!'

आधी भिंतीतून, मग कानातून आलं, 'देते हो! आधी जरा डावीकडे सरका, पंख झाकताय.'

...सरकलो.