सुकन्याची पीएचडी आणि आमची सुपारी

न्हाय, तुमीच सांगा, गाईड म्हंजे काय? पुस्तकाच्या दुकानात मिळतं ते, का न्हाय? आयती उत्तरं छापल्याली असत्यात त्यात... मी नववीत शाळा सोडली तरी मला एवढं म्हाईत हाय! म्हणून तर सुकन्या फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "मल्हार, मला गाईड मिळत न्हाय रे," तसा मी दुकानाचं शटर ओढलं आन् सगळी टेंभुर्णी पालथी घातली की! दुकानदार विचारतोय, "कितवीचं?" आता पीएचडी कितवी, तुमी सांगा! बारावी, मग बीएस्सी, मग एमएस्सी... बोटं मोजत हुबा ऱ्हायलो. परत फोन लावला, तर सुकन्या हसून हसून बेजार. "आरं येड्या, गाईड म्हंजे बाई असती, माझ्याकडनं अभ्यास करून घेणारी. ती घावली की झालंच बघ!"

झालंच! तुमाला सांगतो, हे 'झालंच' ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

सुकन्या म्हंजे माझ्या मामाची पोरगी. सुपारी फुटल्याली हाय आमची! पण बिरुदेवमामा सुपारी फोडतानाच म्हणाला, "मल्हार, पोरगी सोलापुरात नर्सिंग कॉलेजात शिकवती, आता पीएचडी करायची म्हणती. ती झाली की लगीच बार उडवू." मी मान हलवली. मान लई चांगली हलवता येती मला, तोंड तेवढं उघडत न्हाय. माझं पंक्चरचं दुकान. मला वाटलं, पीएचडी म्हंजे आसंल टायर बदलण्यागत... जरा जोर लावायचा, निघून येतंय!

तर गाईड घावलं. घावल्या. सिद्धेश्वरी मॅडम. त्यांनी विषयच नापास केला. पोरगी पास, विषय नापास, असं कुटं ऐकलंय का? दुसरा विषय काढला तर त्याच्यावर कमिटी बसली. बसली ती बसलीच, म्हशीगत, उठायचं नाव न्हाय! मामा म्हणतोय थांब, आई म्हणती थांब, आन् सुकन्या म्हणती, "कमिटी उठली की झालंच!"

उठली बाबा एकदाची. विषय काय, तर खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गुडघेदुखी. त्याला नमुने लागत्यात. नमुने म्हंजे माणसं. मीच सुकन्याला फटफटीवर मागं बसवून आमच्या गावात दारोदार फिरलो, तर पारावरची पोरं वरडत्यात, "मल्ह्या, नमुना हुडकतोस व्हय? आरशात बघ की!"

आता नीट ऐका हं, घोटाळा हितंच झाला. वरच्या आळीतल्या बायकांना व्यायाम शिकवायचा आन् खालच्या आळीतल्यांना कायबी शिकवायचं न्हाय. मी म्हटलं, का गं? तर म्हणती, "दोन्हीकडच्या गुडघ्यांतला फरक दिसाय पायजे. तो दिसला की खालच्यांनाबी शिकवणार हाय." बरोबर हाय की! पण आमची आई, केराबाई... ती खालच्या आळीतली. आन् वरच्या आळीत काय शिजतंय ते कळल्याबिगर आमच्या आईला घास गिळतोय व्हय? दळणाला म्हणून वर गेली, पिठाबरोबर सगळा व्यायाम घेऊन आली! बरं, एकटीनं करावं का न्हाय? न्हाय! रोज अख्खी खालची आळी देवळापुढं बसवून, "पाय सरळ करा! धरा! ए केसरबाई, पाय धर म्हटलं, शेरडू न्हवं!"

म्हयन्याभरानं सुकन्या गुडघे तपासाय आली, तर काय? खालची आळी वरच्या आळीपेक्षा पळतीया! पोरगी पांढरीफटक.

"आत्या, तुमाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवंना म्हणून तर शिकले की गं! हाताला गुण हाय बया तुझ्या. उठाबशा काढून दावू का?"

गुण हाय! सगळं बाद झालं ओ... आता दुसरं गाव, दुसऱ्या बायका, पयल्यापासनं. माझ्या सख्ख्या आईनं माझं लगीन मोडीत काढलं आन् तीच ठणठणीत गुडघ्यांनी विचारतीया, सून कधी आणतोस? सुकन्या डोळं पुसत म्हणाली, "एवढं झालं की झालंच."

मग मला ऱ्हावंना. इस्त्रीचा सदरा घातला आन् सोलापुरात मॅडमच्या घरी गेलो. घंटी वाजवायचं धाडस हुईना, शेवटी शेजारचं कुत्रं भुंकलं म्हणून त्यांनीच दार उघडलं. बाई लई साधी. नाव सांगितलं तसा चहा दिला. मी कपाकडं बघून बोललो, "मॅडम, आमचं... म्हंजे सुकन्याचं... सुपारी फुटलीया ओ... कधी हुईल?"

मॅडमनी बिस्किटाची बशी फुडं सरकवली. मग म्हणाल्या, "मल्हार, मी पीएचडीला प्रवेश घेतला ना, तेव्हा माझंही लग्न ठरलं होतं."

मी मान वर केली. "मग ओ?"

"मग काय... पीएचडी झाली."

आता तुमीच सांगा, आसल्यावर चहा कोण पितोय? तसाच उठलो, भायेर आलो, तर सुकन्या कागदांचा गठ्ठा घेऊन गेटातच! मला बघून दचकली, पण इचारलं ते हळूच, आशेनं...

"काय म्हणाल्या रे मॅडम? हुईल का?"

मी तिच्या हातातला गठ्ठा घेतला. म्हटलं, "हुईल म्हणाल्या."

"खरंच?"

"व्हय की... पीएचडी."