मुंबईत हीटर

…नाही, पण तुम्हीच सांगा, मुंबईत हीटर लागतो कोणाला? मे महिना, मुलुंड, वर पत्र्याची शेड, बनियन दिवसातून तीनदा पिळायचं, आणि मी बॉनेटखाली डोकं खुपसून काय बसवतोय, तर हीटर! गाडीत! बसणाऱ्याचे पाय गरम राहावेत म्हणून! अहो, माझे पाय जन्मल्यापासून गरम आहेत!

तुम्हाला सांगतो, मी जयवंत, गिरणीत बावीस वर्षं फिटर. संप झाला, गिरणी गेली, हात तेवढे राहिले, ते घेऊन अर्बनच्या गॅरेजात लागलो. अर्बन माणूस झकास, पण त्याला एका पुस्तकाने खाल्लं. झालं काय, त्याची काकू बर्था, आम्ही सगळे तिला आंटीच म्हणतो, तिच्या अंगणात ताडपत्रीखाली एक गाडी पडून होती. छप्पन सालची, विलायती, दोनच सीटं, स्पोर्ट्स कार. तिच्या नवऱ्याची, जॉन अंकलची. अंकल गेले आणि गाडी जी थांबली ती सहा वर्षं थांबली. आता आंटीला काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. ती अर्बनला एवढंच म्हणाली, "पूर्ण अंधार व्हायच्या आत मला एकदा जॉनच्या गाडीत बसव रे. होती तशी कर." होती तशी! हे शब्द लक्षात ठेवा हां. मी नाही ठेवले.

अर्बनने तर ऐकलेच नाहीत. त्याच्या डोक्यात जुन्या गाड्यांची रॅली, रॅलीत कप, आणि हातात ते विलायती पुस्तक. "जयवंत, फॅक्टरी करेक्ट पायजे यार! कंपनीतून निघाली तशी! स्क्रूची खाच उभी तर उभी, आडवी तर आडवी!" आणि पुस्तकातल्या फोटोत हीटर. आमच्या गाडीत त्या जागी, इंजिन आणि पाय यांच्यामधल्या भिंतीवर, चार स्क्रूंनी बसवलेला नुसता पत्रा. मी म्हटलं, "अरे बाबा, गरम देशात पाठवताना हीटर काढून घेतला असेल, आणि भोक बुजवायला पत्रा मारला असेल. कंपनीला अक्कल आहे, मुंबईत हीटर लागतो कोणाला?" तर हा म्हणे, "बुकात आहे ना? मग पायजे!"

काढला पत्रा. बाजूच्या सीटसमोरच होता, आणि मधोमध वाटीएवढा पोचा. भंगारात टाकणार होतो, पण गिरणीतला माणूस लोखंड टाकत नाही हो, नेला घरी. आमच्या मोरीच्या भोकातून उंदीर यायचा. पालथा घातला तर तो पोचा भोकात असा काही अडकला, की रत्नप्रभा, आमची मंडळी, लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाली, "तुमचं काम चांगलंय."

इकडे हीटर आला. अर्बनच्या मावसभावाने लंडनहून आणला, लेंग्यात गुंडाळून. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बॅग उघडली. "ये क्या है?" "हीटर." "किधर के लिए?" "मुलुंड." साहेब इतका हसला, इतका हसला, की बॅगेवर 'तपासली' म्हणून खडूची फुली मारायची राहिली आणि डोळेच पुसत बसला. बसवला. इंजिनच्या गरम पाण्याचे पाइप जोडले. चाचणीला अर्बन आत बसला, आणि नळ उघडा अडकला… चार मिनिटांत माणूस उकडलेल्या अंड्यासारखा बाहेर! पण तोंडावर काय समाधान! "करेक्ट आहे!"

मग आंटी आली. पांढरा फ्रॉक, केसात मोगरा, लग्नाला निघाल्यासारखी. हाताला धरून बसवलं. तिने दारावर हात फिरवला, सीटवर फिरवला, हसली… आणि पाय पुढे केला. ठक. हीटरचा डबा.

"हे काय आहे?"

"हीटर, आंटी. फॅक्टरी करेक्ट."

"जॉनच्या गाडीत हे नव्हतं. इथे पत्रा होता. माझा पाय पोचायचा तिथे."

आणि उतरली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती काठीने चाचपत निघून गेली. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. अर्बन पुस्तक चाळत बसला, आणि शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, काय छापलेलं? गरम देशांसाठी हीटरशिवाय, जागी पत्रा! "अरे, पत्राच करेक्ट होता! कुठाय?"

कुठाय! मोरीत! धावलो घरी, उपटला. रत्नप्रभा ओरडतेय, "अहो, उंदीर येईल!" मी म्हटलं येऊ दे, आणि पत्रा घेतला ऐरणीवर. पोचा दिसला की फिटरचे हात शिवशिवतात हो! हळूहळू, कडेकडेने, रात्रपाळीतल्या माणसाच्या सबुरीने ठोकत ठोकत असा सपाट केला, की पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलणार नाही. रंग मारला. स्क्रूच्या खाचा उभ्या. बावीस वर्षांतलं माझं सगळ्यात सुंदर काम.

आंटी पुन्हा आली. पाय पुढे केला. पत्र्यावर ठेवला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला… शोधतेय. कुठलीतरी वस्तू हरवल्यासारखी, पायानेच शोधतेय.

"जयवंत, हा नवा आहे."

"नाही आंटी, तोच. पोचा होता, तो काढला मी."

तिने डोळे मिटले. "जॉन भरधाव चालवायचा रे. मी इकडून ब्रेक मारायची. तेवीस वर्षं. तो हसायचा, म्हणायचा, बर्था, तुझ्या ब्रेकमुळेच आपण जिवंत आहोत."

तेवीस वर्षं तिच्या पायाने घडवलेलं, आणि मी एका दुपारात पुसलं. लाज वाटली हो, सरळ सांगतो, हातोडा फेकून द्यावासा वाटला. म्हटलं, "आंटी, परत पाडून देतो." ती म्हणाली, "ठोकून नाही येत तो. तू चालव."

मी? बसलो. आग्रा रोडने चेकनाक्याकडे, वीसच्या स्पीडने, वरातीसारखा. आंटी म्हणाली, "जॉन असा नाही चालवायचा." तीस. "असा पण नाही." मग म्हटलं, होऊन जाऊ दे! दाबली! साठ! समोर लाल डबलडेकर, आंटीचा मोगरा उडाला, ती किंचाळली, "जॉन, हळू!", आणि पाय असा मारला पत्र्यावर… टण्ण!

मी ऐकलं. तिनेही ऐकलं. परत येईपर्यंत ती पायाने चाचपत होती आणि रडत होती आणि हसत होती. मी समोर बघत राहिलो, बस.

अर्बनने पत्रा बघितला. "वाट लागली! कप गेला! जयवंत, सरळ कर!" मी म्हटलं, हात लावलास तर याद राख. गेला कप. पोचा आहे.

आणि तो हीटर? परत पाठवणार कुठे! घरी नेला, मोरीच्या भोकावर ठेवला. बसत नाही हो नीट… त्याला कुठे पोचा? परवा रत्नप्रभाने उचलून बघितलं, तर आत कापूस, चिंध्या, पाच पिल्लं. मी वर्षभर बोंबलत होतो ना, मुंबईत हीटर लागतो कोणाला, लागतो कोणाला…

घ्या.