खालच्या वर्गातली बारकी पोरगी

जबाब. शहर औरंगाबाद, तारीख १४ बहमन, सन १३५० फसली (डिसेंबर १९४०).

नाव साळूबाई, मयत फकिरा भडभुंजे यांची बायको. वय अंदाजे बत्तीस. धंदा फुटाणे-लाह्या भाजून विकणे. राहणार शहागंज.

मी ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की, मला एकच मुलगी होती. नाव द्वारका, वय नऊ. ती आमच्या घराजवळच्या शाळेत तिसरीत शिकत होती. परवा सकाळी ती सरकारी दवाखान्यात मयत झाली.

दिवाळीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात द्वारका मनगटाला चिंधी बांधून घरी आली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "तारंवर पडले." जखमेत चुना भरलेला होता. मी ती धुऊन हळद लावली. जखम भरून आली. त्यानंतर ती रोज शाळेत जात होती.

या महिन्यात तिचा तोच हात दुखू लागला. मुंग्या येतात म्हणाली. मग ताप आला. शाळेतून तिला रामकिसन मास्तर स्वतः घेऊन आले. ते म्हणाले, "बाई, ही पाणी पीत नाही. वर्गात ओरडते. घरी ठेवा." मी तिला भट्टीपासून लांब निजवले आणि पाणी दिले. तिने तांब्या पाहिला आणि तिचा गळा आवळला गेला. मी पदराने वारा घातला तर ती किंचाळली. मी पदर आवरला.

मी तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर साहेबांनी पाणी मागवून तिच्यापुढे धरले, लगेच बाजूला केले आणि मला विचारले, "हिला कुत्रं चावलं होतं का?" मी नाही म्हणाले. तेव्हा द्वारका म्हणाली, "चावलं व्हतं. हेडमास्तर म्हनले, घरी सांगू नको. सांगितलं तर नाव काटीन."

डॉक्टरांनी तिला हळू हळू विचारले, तेव्हा तिने सांगितले ते असे. मधल्या सुट्टीत एक कुत्रे शाळेच्या आवारात शिरले. तोंडातून लाळ गळत होती. ते द्वारकाला चावले. रामकिसन मास्तर दवाखान्यात नेतो म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, उद्या मुआइना आहे, मोठे साहेब शाळा तपासायला येणार, आज गावभर बोभाटा नको. त्यांनी आपल्या पानाच्या डब्यातला चुना जखमेत भरला आणि तिला वर्गात बसवले. दुसऱ्या दिवशी मुआइन्यात तिने कविता म्हटली. साहेबांनी शाबासकी दिली, हे तिने मला त्याच दिवशी घरी येऊन सांगितले होते.

मी डॉक्टरांना म्हणाले, "आता सुया द्या." ते म्हणाले, "चावलं तेव्हाच द्यायला पाहिजे होत्या, बाई. आता काही नाही." त्यांनी मला बसायला सांगितले.

मी द्वारकाला विचारले, अजून कुणाला चावले का. ती म्हणाली, "शौकतला. अन् खालच्या वर्गातल्या बारक्या पोरीला." मी नाव विचारले. ती म्हणाली, "नवी हाय ती. लई रडली." त्यानंतर तिला बोलता आले नाही. तिला खाटेला बांधावे लागले. मला ओळखत होती की नाही हे मला सांगता येत नाही.

मुलीला माती दिल्यावर मी गुलमंडीवर शौकतच्या बापाकडे गेले. त्यांचे नाव कमरोद्दीन, कापडाचे दुकान आहे. ते म्हणाले, "मेरे बच्चेकू कुछ नहीं हुआ, अम्मा. तुम गम में हो, घर जाओ." मी शौकतला बोलवा म्हणाले. मुलगा आला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि न विचारता पायजमा वर केला. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या. कमरोद्दीन दुकान उघडे टाकून मुलाला घेऊन दवाखान्यात धावले. त्याच दिवशीच्या गाडीने ते त्याला हैदराबादला सुयांसाठी घेऊन गेले. इतक्या दिवसांनी उपयोग होईल की नाही, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत.

मग मी शाळेत गेले. हेडमास्तरांना म्हणाले, त्या बारक्या पोरीचे नाव द्या, मी तिच्या आईला सांगते. ते म्हणाले, शाळेत कुत्रे कधी आलेच नाही. मी पुन्हा मागितले. तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "नाव सांगितलं म्हंजी कुत्रं आलं व्हतं असं होतं. मलाबी लेकरं हायेत, बाई." रामकिसन मास्तर तिथे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते वर्गात निघून गेले.

शाळा सुटल्यावर मी फाटकात उभी राहिले आणि बारक्या पोरींचे हातपाय बघू लागले. पोरी भिऊन पळाल्या. एका बाईने मला लोटले. पोर मेली म्हणून हिला वेड लागले, असे ती लोकांना म्हणाली. चपराशाने मला फाटकाबाहेर काढले.

हेडमास्तरांना काय शिक्षा व्हावी असे मला ठाण्याच्या अमीन साहेबांनी विचारले. मी त्यासाठी आले नाही. त्या बारक्या पोरीचे नाव शाळेतून विचारून घ्यावे, एवढीच माझी अर्जी आहे. अमीन साहेब म्हणतात, शाळा सरकारी आहे, तालीमातच्या, म्हणजे शाळाखात्याच्या, कचेरीला लिहावे लागेल, तिकडून हुकूम आल्यावर विचारता येईल. हुकूम कधी येईल ते मला सांगितलेले नाही. शाळा आज चालू आहे. मी इथे येताना पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

मला लिहिता-वाचता येत नाही. मुन्शींनी हा मजकूर मला दोनदा ऐकवला, तो मी सांगितला तसाच आहे. यात त्या पोरीचे नाव आलेले नाही, ते मला ठाऊक नाही म्हणून. डाव्या हाताचा अंगठा केला आहे.