पाठ फिरवून बसणाऱ्या भामाबाई

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय मानसिंगराव, व्यासपीठावरील आमच्या पशुवैद्य डॉ. स्नेहलताई, सत्कारमूर्ती भामाबाई, त्यांची लेक रत्ना, विंझरचे ग्रामस्थ आणि वरच्या वस्तीवरून चालत आलेली मंडळी,

निमंत्रणात केलेली विनंती पुन्हा करते. कृपा करून टाळ्या वाजवू नका. माइक मुद्दामच लावलेला नाही. मागे ऐकू येत नसेल तर पुढे सरका. या शेडच्या मागच्या कुंपणात तीन पिल्लं आहेत. आता गुडघ्याएवढी झाली, तरी आम्ही पिल्लंच म्हणतो.

भामाबाई नऊ वर्षं माझ्यासोबत या प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला होत्या; आज काम सोडून लेकीकडे निघाल्या आहेत. सगळं सांगत बसले तर त्यांची उत्रोलीची चारची एसटी चुकेल. म्हणून पिल्लांचंच बोलते. त्यात माझी चूकही येईल.

गेल्या आषाढात पानशेतच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवरून वनखात्याने ही पिल्लं सोडवून आणली. निम्मा लांडगा, निम्मा कुत्रा. तिखट व्हावीत म्हणून त्यांना काठीने मारत असत. ती तिखट झाली नाहीत. माणसाची सावली पडली तरी भीतीने जागच्या जागी मुतायची. अशांना रानात सोडता येत नाही, घरी कुणी नेत नाही. जगायचं तर इथेच, माणसाने दिलेलं खाऊन.

मी रोज कुंपणापाशी वही घेऊन बसायची. कोण किती पावलं पुढे आलं, ते लिहायची. चौथ्या दिवशी भामाबाई म्हणाल्या, "बाई, टक लावून काय बगताय? शिकार धरायची हाय का?" आणि त्या आत जाऊन पिल्लांकडे पाठ करून बसल्या. मांडीवर लोकर, हाताने सूत काढणं चालू. रोज दोन तास. बोलणं नाही, वळणं नाही. मला तो कामचुकारपणा वाटला. तसं वहीत लिहिलंही आहे. खोडलेलं नाही.

त्यांचे दीर चिमाजीभाऊ, ते बघा, तिसऱ्या रांगेत हसताहेत, तेव्हा इथे येऊन म्हणाले होते, "वैनी, लांडग्यानं आपली मेंढरं न्हेली अन् तुमी त्येंचीच बाळंतपणं करताय व्हय?"

भामाबाईंचं सूत थांबलं नाही. "मेंढरं ह्यांनी न्हाई खाल्ली, भावजी. ह्यांनी नुस्ता मार खाल्लाय."

दिवाळीनंतर तिघंही त्यांच्याजवळ उन्हात येऊन पडू लागली. आणि मी काय केलं? कार्यक्रम ठेवला. पाहुणे बोलावले, हलगी आणली, कुंपणाच्या दारात नारळ फोडला. चांगलं काही झालं की सत्कार केल्याशिवाय ते झालंसं आपल्याला वाटतच नाही का? नारळ दगडावर आपटला, टाळ्या पडल्या, आणि तिघांतली सगळ्यात लहान, धाकली, पत्र्याखाली शिरली ती नऊ दिवस बाहेर आली नाही.  भामाबाई लोकर घेऊन पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून धाकली फक्त त्यांच्या पाठीमागे बसून खाते. गेल्या महिन्यात त्या चार दिवस लेकीकडे गेल्या. चार दिवस धाकलीने भाकरीला तोंड लावलं नाही. "गुडघं ऱ्हायलं न्हाईत बाई, पर हिला टाकून कशी जाऊ?" असं म्हणत त्या आणखी एक महिना थांबल्या. तेव्हा रत्नाने माझ्याकडे रोखून पाहिलं. आम्ही पिल्लाची भीती घालवली, की एका थकलेल्या बाईला कुंपणाशी बांधून घातलं? विचार करून मीही थकले आहे. 

पंधरा दिवस रोज सकाळी मी भामाबाईंची जुनी घोंगडी पांघरून त्यांच्या जागी बसते आहे. वहीशिवाय. माझं सूत बघून त्या बाहेरून म्हणाल्या, "बैल बांदायला दावं वळताय का?" पाठ करून बसणं अवघड आहे हो. मागे काय चाललंय ते कळलंच पाहिजे, असं सारखं वाटतं. चौदा दिवस मागे काहीच चाललं नव्हतं; धाकली संध्याकाळी भामाबाईंच्याच पाठीमागे खायची.

आज सकाळी चावण्याचा आवाज आला. बाकीची दोघं माझ्यासमोर उन्हात पडली होती.

मी वळले नाही. भामाबाई, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण उद्या ती उपाशी राहिली, तर मी तुम्हाला खोट्या भरवशावर पाठवलं असं होईल, म्हणून गप्प राहिले. न सांगता तुम्हाला एसटीत बसवणं मात्र त्याहून वाईट. उद्याची खात्री मी देत नाही. बसेन, एवढंच सांगते.

काय म्हणालात? किती खाल्ली? अर्धी, भामाबाई. उठल्यावर पाहिलं. अर्धी उरली होती.

बरं. रडू नका. रत्ना, त्यांना पाणी दे.

अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी एवढा वेळ शांत बसून ऐकलंत, आपली ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, मान देण्यात कमी पडले असेन, तर पोटात घाला. स्नेहलताई आता शाल देतील. कुणी हात आपटू नका, नुसते जोडा. आज इथे काही विशेष घडलं, हे धाकलीला कळता कामा नये.