चटईखालचा मंत्री

सावाई बेटावर जाणाऱ्या बोटीच्या रांगेत फेतूच्या पुढे म्हातारी लोसा आणि तिची भाची सिलिया उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर एका मंत्र्याचं निवडणुकीचं पोस्टर होतं.

“मावशी, जमिनीच्या खटल्यात तुम्हाला हरवणारा वकील तो हाच ना?”

“हाच मेला. सकाळी बोलायला उभा राहिला, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबला नाही. न्यायाधीशसुद्धा मान डोलवत होते.”

“आणि आता ह्याच्याच पुतण्याच्या गाडीनं तुमच्या नातवाचा पाय मोडला.”

“हो, पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मंत्री स्वतः आमच्या अंगणात हजर. माफी मागायला आपल्या रिवाजाप्रमाणे डोक्यावरून चटई पांघरून, मान खाली घालून बसला.”

“आणि पुतण्या?”

“त्याच्या मागे. आमचे हे दारात कोयता घेऊन उभे. मला वाटलं, आता हा कायदा सांगणार. ऊन डोक्यावर आलं, तरी तोंडातून अवाक्षर नाही.”

“मग चटई कोणी उचलली?”

“मी. म्हटलं, केलं माफ. आत चल, कोको घे.”

“म्हणजे यंदा मत त्यालाच?”

“छट्! मत आमच्याच पक्षाला. पण त्याला कोणी नावं ठेवली, तर गाठ माझ्याशी आहे.”

फेतूच्या ओठांवर मंत्र्याच्या टिंगलीचा एक किस्सा आला होता. तो त्यानं मुकाट्यानं गिळला.